बियाणं विरळणीलाच हेरावं

शाळूचं बियाणं खळ्यावर निवडायचं, ही आपल्याकडची रीत. टपोऱ्या, मोतीदार दाण्याचं भरगच्च कणीस दिसलं की बाजूला काढायचं. माण-खटाव, आटपाडी, जत, कुठंही जा, घरोघरी हेच. यात भाकरीची पारख होते, कडब्याचीही होते. खोडमाशीची तेवढी होत नाही. ती परीक्षा पीक वीतभर असतानाच होऊन गेलेली असते.

हस्ताच्या ओलीवर पेरलेलं उगवून आलं की पहिले तीन-चार आठवडे माशीचे. पान उलटून बघावं. मधल्या शिरेला समांतर एखादं पांढरं, लांबट अंडं चिकटलेलं दिसतं. दोन-तीन दिवसांत, तेही पहाटेच्या सुमाराला, अळी निघते आणि पोंग्याकडे सरकते. त्या वाटेवर तिला ओल लागते. ही ओल नुसत्या दवाची नव्हे. कोवळ्या पोंग्यात ती झाडातूनच पाझरते. पोंगा जेवढा ओला, तेवढी अळीची वाट सोपी. आत पोचली की ती वाढीचा कोंब कापते. मधलं पान सुकतं, ओढलं तर अलगद हातात येतं आणि बुडाला कुजका वास मारतो. हीच पोंगेमर.

मालदांडी ही शाळूची जात या माशीपुढे बऱ्यापैकी तग धरते. 1930 च्या दशकात मोहोळला निवडलेली 35-1 अजून रानात आहे, त्यात या गुणाचाही वाटा आहे. तिची रोपं फिकट हिरवी, पानं ताठ आणि चकचकीत. पानाखाली भिंगाशिवाय न दिसणारी बारीक लव असते. लवेच्या पानावर माशी अंडी कमी घालते आणि अळीलाही पुढं सरकणं जड जातं. 1964 साली आलेल्या सीएसएच 1 या संकरित वाणानं खरिपाचं उत्पन्न वाढवलं, पण त्याला माशी लवकर लागे. पाऊस पडताच पेरणी उरकावी लागायची.

म्हणून मी बियाण्याची झाडं विरळणीलाच हेरतो. सकाळच्या तिरप्या उन्हात ओळीनं चालत गेलं की चकाकी डोळ्यांत भरते. शंका आली तर पाणी शिंपडावं: चकचकीत पानाला ते चिकटून राहतं, मेणकट पानावरून थेंब घरंगळतात. आजूबाजूची रोपं पोंगेमरीनं गेली आणि एखादं तरारून उभं राहिलं, तर त्याच्याशेजारी काटकी रोवतो. ताट वाढलं की चिंधी बांधतो. पीक मोठं झाल्यावर चकाकी जाते, मग खूण नसेल तर सगळी ताटं सारखीच. ज्वारीत परागीभवन बहुतांशी आपल्याच कणसात होतं, त्यामुळे निवडलेला गुण पुढच्या पेऱ्यात बराचसा उतरतो.

एवढ्यानं माशी हटत नाही. दुसरं काही मिळालं नाही तर ती चकचकीत पानावरही अंडी घालते. वेळेवर पेरणी, थोडं जादा बी आणि मेलेली रोपं उपटून नष्ट करणं, हे चुकत नाही. खळ्यावर कणसं पसरली की मी आधी चिंधी बघतो, मग दाणा.