खुरांखाली काय आहे ते आधी बघा

प्राणिसंग्रहालयात हरणांच्या आणि गव्या-म्हशींच्या जाती किती आहेत, हे मी सगळ्यात शेवटी मोजतो. आधी बघतो त्यांच्या पायाखालची जमीन, मग कळप, आणि मग गव्हाणीत काय पडलंय ते. गडचिरोलीतल्या आमच्या धानोऱ्याच्या आसपास जंगल आणि गोठा यांच्यात फारसं अंतर नाही, त्यामुळे इथल्या माणसाला खुराचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. खूर नखासारखा जन्मभर वाढतो. जंगलात मुरूम आणि दगड तो आपोआप झिजवतात. नुसत्या मऊ, ओलसर मातीत ठेवलेल्या जनावराचा खूर लांबतो, पुढून वर वळतो, आणि ते टाचेवर भार देऊन चालू लागतं. उलट सिमेंटच्या फरशीवर तळ झिजून दुखरा होतो. म्हणून एकाच आवारात मुरूम, दगड, माती आणि पावसाळ्यात कोरडी राहील अशी उंचवट्याची जागा, हे सगळं लागतं. गव्हाणीभोवतीची दोन-चार पावलं जमीन पाहिली तरी बरंच कळतं. तिथे शेण-मुताचा राबडा झाला असेल आणि चारा त्यातच पडत असेल, तर बाहेरची पाटी कितीही सुबक असली तरी ते आवार नापास.

यावर पहिलं उत्तर येतं की मग मोठी जागा द्या, प्रश्न मिटला. नागपुरातच दोन टोकं बघायला मिळतात. महाराजबाग प्राणिसंग्रहालय म्हणून 1894 पासूनची, भर शहरात, चारही बाजूंनी रस्ते आणि वस्ती. तिला पसरायला वाव नाही. गोरेवाड्याची सफारी 26 जानेवारी 2021 ला सुरू झाली, आणि तिथे तृणभक्षी प्राणी खऱ्या झाडोऱ्यात फिरतात, माणसं गाडीत बसून राहतात. मला गोरेवाडा उजवा वाटतो. पण केवळ क्षेत्रफळावर हा निकाल देता येणार नाही. काळविटाला उघडं गवताळ रान हवं, दूरवर दिसलं की तो निश्चिंत असतो. भेकर आणि चौसिंगा यांना तेच उघडं रान म्हणजे शिक्षा. दोघंही एकेकटे राहणारे, झुडपात दबून बसणारे, पाला, कोंब आणि गळालेली फळं खाणारे. शेळी आणि गाय एकाच कुरणात सोडली तर एक झुडपाकडे वळते, दुसरी गवताकडे; हे आमच्याकडे गुराख्याचं पोरही सांगेल. तरीही कित्येक ठिकाणी सगळ्या हरणांपुढे तोच हिरवा चारा आणि तोच खुराक पडतो. शिवाय मोठ्या सफारीत एखादं जनावर लंगडू लागलं तर ते उशिरा ध्यानात येतं; लहान आवारात राखणदाराला सकाळीच दिसतं. मोठ्या जागेला म्हणूनच जास्त डोळस माणसं लागतात.

कळपाचा मुद्दा तर गेल्या काही वर्षांत फार महागात पडला. जुलै 2025 मध्ये पुण्याच्या कात्रजच्या संग्रहालयात 16 चितळं दगावली, कारण लाळ्या-खुरकूत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बेळगावजवळ भूतरामनहट्टीच्या संग्रहालयात 31 काळविटं घटसर्पाने गेली. दोन्ही रोग गुरांचे, इथल्या प्रत्येक गोठ्याला माहीत असलेले, ज्यांची लस गुरांना टोचली जाते. माझ्या मते यातून निघणारी गोष्ट सरळ आहे: एका कुंपणात एकाच जातीचा सगळा कळप ठेवू नये. पण घडतं उलटंच. चितळ बंदिवासात भराभर वाढतं, लोकांना आवडतं, म्हणून त्याचीच गर्दी होते. जागा, चारा आणि डॉक्टरचा वेळ तेच खातं, आणि चौसिंग्याला कोपराही उरत नाही.

कुणी म्हणेल, शहरातल्या पोरांना एका फेरीत दहा जाती दिसल्या तर बिघडलं काय? पोरांची हौस खोटी नाही. पण जोडी-जोडीने भरलेल्या यादीतून कुठलीही जात वाचलेली नाही. अरबी ओरिक्स वाळवंटातून 1972 मध्ये संपला, आणि तरी 1982 मध्ये ओमानमध्ये परत सोडता आला, कारण अमेरिकेत फिनिक्सच्या संग्रहालयाने 1963 पासून त्याचा कळप जपला होता. हैदराबादच्या नेहरू संग्रहालयाने 2010 मध्ये पिसोरीचं प्रजनन हाती घेतलं आणि पुढे ती अमराबादच्या जंगलात सोडली. सशाएवढं ते जनावर तिकीटबारीवर कुणाला ओढून आणणारं नव्हतं. आणि लपलेलं जनावर दिसत नाही ही तक्रार असेल, तर पाणवठा आणि मिठाचं चाटण दर्शनाच्या जागेसमोर ठेवता येतं; दाट झुडूप तोडायची गरज नाही.

सगळ्यात अवघड प्रश्न आमच्याच जिल्ह्यात आहे. गडचिरोलीच्या दक्षिणेला, छत्तीसगडला लागून, कोलामार्क्यात रानम्हशी आहेत. 2013 मध्ये ते क्षेत्र त्यांच्यासाठी राखीव झालं. त्या थोड्याच उरल्यात, तर पकडून आवारात आणा, असं सुचवणं सोपं आहे. छत्तीसगडने उदंतीच्या म्हशीसाठी क्लोनिंगपर्यंत मजल मारली. कर्नालला 2014 मध्ये जन्मलेली क्लोन दीपाशा पुढे नवा रायपूरच्या सफारीत ठेवली गेली, पण जंगलातला कळप त्याने वाढला नाही. मला कान्ह्याची वाट पटते. तिथे 1970 मध्ये 66 बारशिंगे उरले होते, तेव्हा त्यांच्याच कुरणात, वाघ-बिबट्याला शिरता येणार नाही असं कुंपण घातलं गेलं, आणि आज संख्या हजाराच्या घरात आहे. खुरांचे वन्य प्राणी पाठलागात आणि पकडताना भीतीने, स्नायू निकामी होऊन मरू शकतात. जागेवरच कुंपण घातलं की लांबची वाहतूक तरी टळते. कोलामार्क्यासाठी मात्र कुंपणाआधी दोन कामं आहेत. भोवतालच्या गावांतल्या म्हशींना दरवर्षी लस, आणि त्यांचे रेडे रानम्हशींच्या कळपात मिसळणार नाहीत अशी चराईची वेगळी वाट. ही वाट ग्रामसभेशिवाय ठरणार नाही. आमच्या तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि जंगलाचे नियम गावच बसून ठरवू शकतं हे तिथे दिसलं आहे.