इंजिन ऑईलचं वय

‘ऑईल किती किलोमीटरला बदलायचं?’ कराडच्या आमच्या गॅरेजमध्ये हा प्रश्न रोज कुणी ना कुणी विचारतं. विचारणाऱ्याला एक आकडा हवा असतो आणि तो गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात छापलेलाही असतो. तरी मी आधी उलट विचारतो. घरापासून कामाची जागा किती लांब? सकाळी चालू केलेली गाडी किती वेळाने बंद होते? मधे आठ-पंधरा दिवस नुसती उभी राहते का? रस्ता डांबरी की शेतातला? एवढं कळलं की मग मीटरचं रीडिंग बघतो.

एकाच कंपनीच्या, एकाच साली घेतलेल्या दोन स्कूटर माझ्याकडे येतात. एक शाळेतल्या बाईंची. मलकापुरातल्या घरापासून शाळा जेमतेम दोन किलोमीटर. सकाळी जायचं, गाडी उभी करायची, दुपारी परत यायचं. दुसरी औषधं विकणाऱ्या एका तरुणाची. उंब्रजहून कराड, कराडहून पाटण, दिवसभर रस्त्यावर. वर्षाकाठी बाईंची स्कूटर त्याच्या पावपटही चालत नाही. पण ऑईल आधी नासतं ते बाईंचंच. थंडीच्या दिवसांत त्यांच्या स्कूटरची ऑईलची पट्टी बाहेर काढली की झाकणाच्या आतल्या बाजूला लोण्यासारखा पिवळट थर लागलेला असतो, आणि पट्टीला पेट्रोलचा वास येतो.

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं, पण थोडी वाफ रिंगांच्या फटींतून खाली चेंबरमध्ये उतरते. इंजिन थंड असलं तर ती तिथेच निवते आणि ऑईलमध्ये घुसळली जाते. थंड इंजिनाला पेट्रोलही जास्त लागतं, त्यातलं न जळलेलं खाली येतं. गाडी बराच वेळ सलग चालून ऑईल नीट तापलं तर दोन्ही उडून जातात. बाईंच्या स्कूटरला तेवढा वेळ कधी मिळतच नाही. म्हणून त्यांना मी सांगितलंय, ‘बाई, किलोमीटर बघू नका. सहा महिने झाले की या. आणि रविवारी एकदा उंब्रजपर्यंत चक्कर मारून आणा.’ पुस्तकातही ‘इतके किलोमीटर किंवा इतके महिने, यांपैकी जे आधी होईल ते’ असंच लिहिलेलं असतं. महिन्यांचा भाग वाचणारा माणूस मला क्वचित भेटतो. तो तरुण मात्र पुस्तकातल्या किलोमीटरप्रमाणे आला तरी पुरे आहे. त्याला मी उगाच लवकर बोलावत नाही.

दुचाकीच्या बाबतीत मी चारचाकीपेक्षा जास्त कडक आहे. साध्या कारमध्ये तीन-चार लिटर ऑईल असतं, बहुतेक स्कूटरमध्ये एक लिटरही नसतं. तेवढंच ऑईल कितीतरी जास्त आरपीएमवर तोच भार वाहतं. बऱ्याच स्कूटर आणि लहान मोटरसायकलींना कागदी ऑईल फिल्टरही नसतो, नुसती जाळी असते. जाळीतून सुटणारी बारीक घाण ऑईल सांडलं तरच बाहेर जाते. मोटरसायकलीत तर इंजिन, क्लच प्लेटा आणि गिअरबॉक्स या तिघांना एकच ऑईल. गरम झालं तरी फार पातळ होऊ नये म्हणून ऑईलमध्ये लांब साखळीचे रेणू घातलेले असतात. गिअरच्या दात्यांत सापडून त्या साखळ्या तुटतात. मग गिअर कडक पडायला लागतात, न्यूट्रल सापडत नाही. चालवणाऱ्याच्या पायाला हे कळतं, आणि मी त्या पायावर मीटरपेक्षा जास्त विश्वास ठेवतो. मोटरसायकलीसाठी डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए2’ लिहिलेलं ऑईल घ्यावं. कारच्या ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असू शकतात, त्यांनी क्लच घसरतो. स्कूटरचा क्लच कोरडा असतो, म्हणून तिला ‘एमबी’ चालतं.

काळ्या रंगाला लोक फार भितात. डिझेल गाडीत ऑईल बदलून दोन दिवस झाले नाहीत तोच पट्टी काळी दिसते आणि मालक तक्रार घेऊन येतो. काजळी धरून ठेवणं, तिला एकत्र येऊन गोळे होऊ न देणं, हे ऑईलमधल्या रसायनांचं कामच आहे. ऑईल काळं झालं म्हणजे ते काम चालू आहे. बोटावर चोळून ‘पातळ झालं’ म्हणणाऱ्यांचंही तसंच. आपल्या साध्या मल्टिग्रेड ऑईलचा दाटपणा 40 अंशांना जितका असतो, त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्शावर तो 100 अंशांना येतो. गरम इंजिनातलं कुठलंही ऑईल बोटाला पातळच लागणार.

मला संशय आला तर मी टिपकागद घेतो. गरम ऑईलचा एक थेंब त्यावर टाकायचा आणि काही तास आडवा ठेवून द्यायचा. काजळी कडेपर्यंत सारखी पसरली, फिकट होत गेली, तर ऑईलमध्ये अजून दम आहे. मधोमध गडद ठिपका साचला आणि त्याची कड सुरीने कापल्यासारखी दिसली, तर काजळी धरून ठेवायची ताकद संपली. बाहेर फिकट, ओलसर वर्तुळ दिसलं तर इंधन मिसळतंय असं समजायचं. ही परीक्षा ढोबळच. बारीक उत्तर प्रयोगशाळा देते. ज्यांच्याकडे ट्रकांचा ताफा आहे त्यांनी जुन्या ऑईलचे नमुने जरूर तपासून घ्यावेत. त्यात सिलिकॉन वाढलेलं दिसलं तर बहुधा एअर फिल्टरच्या बाजूने धूळ शिरतेय. तिथे ऑईल लवकर बदलून भागत नाही, धुळीची वाट बुजवावी लागते.

जुने ड्रायव्हर अजूनही दोन-तीन हजारांवर ऑईल बदलायला सांगतात, आणि त्यांच्या काळासाठी ते बरोबरच होतं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या डिझेलमध्ये 1 टक्क्यापर्यंत गंधक असायचं. ते जळून होणारं आम्ल ऑईलमधला क्षार खाऊन टाकायचं आणि क्षार संपला की बेअरिंगची पाळी. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 इंधन आलं. त्यात दहा लाख भागांत 10 भाग गंधक, म्हणजे तेव्हाच्या हजारावा हिस्सा. ते एक कारण गेलं.

पण त्याच बीएस-6 ने डिझेल गाडीत नवी गोष्ट आणली. सायलेन्सरच्या वाटेवरच्या फिल्टरमध्ये साठलेली काजळी जाळायला अनेक इंजिनं सिलिंडरमध्येच जादा डिझेल सोडतात. गाडी नुसती गावात फिरत असेल तर ते जाळणं अर्धवट राहतं, पुन्हा पुन्हा होतं, आणि थोडं डिझेल चेंबरमध्ये उतरतं. डिझेल पेट्रोलसारखं सहज उडून जात नाही. अशा गाडीची पट्टी वरच्या खुणेच्या वर गेली तर ‘ऑईल खात नाही, उलट वाढलंय’ म्हणून खूश होऊ नका. ते त्याच दिवशी बदला.

ट्रॅक्टरवाल्यांना हे सगळं समजावणं सोपं जातं, कारण त्यांच्या मीटरवर तास असतात. मळणी यंत्राला जोडलेला ट्रॅक्टर दिवसभर एका जागी उभा राहून घाम गाळतो, वर भुसा आणि धूळ. बऱ्याच ट्रॅक्टरांच्या पुस्तकात 250 तास लिहिलेले असतात. मळणीचा हंगाम असेल तर मी त्याच्या आतच घ्या म्हणतो, आणि एअर फिल्टर रोज बघा म्हणतो.

काही जण मात्र कितीही सांगितलं तरी महामार्गावर चालणाऱ्या गाडीचं ऑईल अर्ध्यावरच बदला म्हणतात. ‘मिस्त्री, पैसे माझे, तुम्हाला काय?’ पैसे त्यांचे हे खरं, पण सांडलेलं ऑईल माझ्या पिंपात येतं. वापरलेलं ऑईल कायद्याने घातक कचरा आहे. त्यात जड धातू आणि जळण्यातून आलेली विषारी द्रव्यं असतात. तरी सेंट्रिंगच्या प्लेटांना फासायला, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून लावायला लोक कॅन घेऊन मागायला येतात. मी देत नाही, मग कुणी नातेवाईक रुसला तरी चालेल. पिंप भरलं की नोंदणी असलेला रीसायकलवाला घेऊन जातो, आणि त्याच्याकडून मी पावती घेतो. म्हणून अर्ध्यावर आलेल्या गाडीची मी आधी पट्टी बघतो, लेव्हल कमी असेल तर त्याच ग्रेडचं ऑईल भरतो, आणि काचेवरच्या स्टिकरवर पुढची तारीख आणि किलोमीटर दोन्ही लिहून गाडी परत पाठवतो.