येरळेच्या वाळूतली राजदूत

दिवाळीआधी घराची झाडलोट काढली, की गोठ्यामागच्या पडवीत एक वस्तू हमखास आडवी येते. कडब्याच्या पेंढ्या सरकवल्या, की पोत्याखाली झाकलेली आमची जुनी राजदूत दिसते. टाकीचा रंग उडालेला, सीटमध्ये उंदरांनी संसार मांडलेला. दरवर्षी घरातून बोलणे बसते, "आता तरी भंगारात घाला." दरवर्षी मी ती पुसतो आणि पुन्हा पोते टाकतो.

यंदा मात्र गोष्ट निराळी झाली. माझ्या चुलतभावाचा, आमच्या तात्याचा, मुलगा झाडलोटीला आला होता. गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "काका, ही मला द्या. मातीतल्या शर्यतीची गाडी करतो हिची."

माझ्या छातीत धस्स झाले. का झाले, ते सांगायला छत्तीस वर्षे मागे जावे लागेल.

आमचे गाव खटाव तालुक्यात, येरळेच्या काठी. राजदूत आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. पोलंडच्या एका गाडीच्या बनावटीवरून एस्कॉर्ट्स कंपनीने ही गाडी १९६० नंतरच्या दशकात आपल्याकडे काढली. दिसायला बोजड, पण ओझ्याला वाघ. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून आण्णा पहाटे डेअरीला जात. गाडी टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्येच मापाने ऑइल मिसळायचे. माप कमी पडले तर पिस्टन धरतो, जास्त झाले तर प्लग काळा होऊन गाडी बंद. आण्णा ते माप औषधासारखे जपत.

१९८९ साली मी कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयात शिकत होतो. वसतिगृहात एका जुन्या इंग्रजी मासिकात चिखलातून उडणाऱ्या मोटारसायकलींची चित्रे पाहिली. मोटोक्रॉस हा शब्द तिथे पहिल्यांदा वाचला. हा खेळ इंग्लंडात १९२४ साली सुरू झाला म्हणे. आम्ही तो मे महिन्याच्या सुट्टीत येरळेच्या वाळवंटात सुरू केला.

उन्हाळ्यात येरळा म्हणजे नुसती वाळू. मी आणि तात्या एकाच वयाचे. आण्णा दुपारी लवंडले, की आम्ही किटल्यांचे स्टँड उतरवायचो, मडगार्ड खोलायचो. चेनचे पुढचे चक्र एका दाताने लहान बसवले, म्हणजे वेग कमी झाला तरी ओढ वाढते. मागच्या टायरला कोयत्याने खाचा पाडल्या. पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे, कार्बोरेटर पेट्रोलमध्ये धुवायचा, सायलेन्सरच्या नळीतली काजळी जाळून काढायची. शेजारच्या गावचे एक पोरगे येझदी घेऊन येई. तिची गंमत अशी, की किक आणि गिअर एकाच दांडीवर. त्याची येझदी पुढे जायची आणि वाळूत रुतायची. आमची राजदूत मागून येऊन तिला गाठायची. काठावरची गुराखी पोरे शिट्ट्या मारत. तो आनंद पुढे कशातच मिळाला नाही, हे खरे सांगतो.

वाळूत पुढचा ब्रेक दाबला, की चाक अडते आणि माणूस तोंडघशी पडतो. मी दोनदा पडलो. म्हणून एके दिवशी मी पुढच्या ब्रेकची वायरच काढून खिशात घातली. तात्याला सांगायचे राहून गेले. त्या दिवशी त्याने वाळू सोडून गाडी दरडीवर चढवली. वर पोहोचल्यावर पुढे चर आला. त्याने ब्रेक दाबला. ब्रेक नव्हताच.

फळकुटे बांधून बैलगाडीतून त्याला तालुक्याला नेला. मांडीचे हाड मोडले होते. पावसाळ्यात फौजेची भरती होती. आमच्या जिल्ह्यात भरतीला काय मोल आहे, ते वाचकांना सांगायला नको. तात्या वर्षभर पहाटे उठून पळत होता. हाड जुळले, पण पाय दीड बोटाने आखूड राहिला.

आण्णांनी मला एकच विचारले, "ब्रेक नव्हता का रं?"

मी म्हणालो, "होता. त्यानं उशिरा दाबला."

आण्णा काही बोलले नाहीत. गाडीवर पोते टाकले आणि पुढे तीन वर्षे दूध सायकलवरून नेले.

मी पदवीधर झालो, कृषी खात्यात लागलो. राजदूत मीच बाहेर काढली, मीच दुरुस्त केली. १९९० पासून रोजगार हमीतून फळबागा लागत होत्या. माण, आटपाडी, जत, जिथे एस.टी. जात नव्हती तिथे मी डाळिंब-बोरांच्या बागा बघायला तिच्यावरून गेलो. माळावर बंद पडली तर दहा मिनिटांत चालू करायचो. लोक म्हणत, "साहेब, तुम्ही मिस्त्रीच व्हायला पाहिजे होता." मी हसायचो. मिस्त्री कसा झालो, ते माझे मलाच ठाऊक होते.

तात्याने शेती केली. चांगली केली. लंगडत औत धरले, भावकीत कुणाला मागे राहिला नाही. मला कधी एक शब्द बोलला नाही.

ती वाळूही आता राहिली नाही. उपसून उपसून पात्रात खडक आणि गाळ उरला, विहिरी खाली गेल्या. याच नदीवर सांगली जिल्ह्यात बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी त्याच १९८० च्या दशकात वाळूच्या हक्कासाठी भांडून, थोडी वाळू विकून, बळीराजा स्मृती धरण उभे केले. वाळू म्हणजे पाणी, हे त्यांना तेव्हा कळले होते. आम्हाला ती फक्त खेळायला हवी होती.

तर पोराने गाडी मागितली. आता पोरांना सगळे माहीत असते. २०१५ साली सी. एस. संतोष हा बंगळुरूचा गडी डकार शर्यत पुरी करणारा पहिला भारतीय ठरला, हे त्यानेच मला सांगितले. मी म्हणालो, "आधी तुझ्या बापाला विचारतो."

संध्याकाळी तात्याच्या ओट्यावर गेलो. चहा झाला. मग सगळे सांगितले. वायरीचे, खिशाचे, आण्णांशी बोललेल्या खोट्याचे. तीस वर्षे मी शेतकऱ्यांना सांगत आलो, की फवारणीआधी पंप तपासा, नळी तपासा, आणि दुसऱ्याच्या हाती देताना काय बिघडले आहे ते सांगून द्या. स्वतः मात्र एवढे सांगायला छत्तीस वर्षे लावली.

तात्या बराच वेळ अंगणातल्या म्हशीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बैलगाडीत माझं डोकं तुझ्या मांडीवर हुतं. खिशातली वायर माझ्या गालाला टोचत हुती."

"मग बोलला का नाहीस?"

"आण्णांनी तुझं कॉलेज बंद केलं असतं. माझी भरती तर गेलीच हुती. दोघांचं कशाला घालवायचं?"

माझ्या तोंडून शब्द फुटेना. त्याने कप खाली ठेवला आणि आत पोराला हाक मारली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "गाडी दे त्याला. पण आधी पुढचा ब्रेक बसव. तुझ्या हातानं."

गेल्या रविवारी नवी वायर आणली. तात्या शेजारी पोत्यावर बसून पाने देत होता. ब्रेक बसवला, तात्याने स्वतः तीनदा दाबून पाहिला, आणि मगच किल्ली पोराच्या हातात दिली.