मुंगीचे डोळे

निवृत्तीनंतर जडलेला माझा छंद घरच्यांना आरंभी रुचला नाही. सूक्ष्मदर्शकातून कीटकांची छायाचित्रे घ्यायची, तर कीटक अगदी निश्चल हवा. आणि त्यासाठी अनेक छायाचित्रकार त्याला मारतात. मी पहिल्याच दिवशी नियम केला : खिडकीच्या कडेला वा दिव्याखाली जो आपोआप मेलेला सापडेल, तोच घ्यायचा. महिनोन्महिने काही मिळाले नाही तरी चालेल.

गेल्या चातुर्मासात एक मृत मुंगळा मिळाला. 10 पट मोठे दाखवणाऱ्या माझ्या भिंगाखाली एका वेळी जेमतेम 8-9 मायक्रॉन जाडीचा थर स्पष्ट दिसतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणून दर वेळी 5 मायक्रॉन पुढे सरकत त्याच्या डोक्याच्या एका बाजूची 150 छायाचित्रे घेतली. प्रत्येक छायाचित्र खरे, परंतु अपुरे. संगणकाने प्रत्येकातील स्पष्ट भाग तेवढा वेचून एक चित्र सिद्ध केले. यालाच फोकस स्टॅकिंग म्हणतात.

पडद्यावर मुंगळ्याचा डोळा उमटला. शेकडो सूक्ष्म भिंगे, पोळ्यातील घरांसारखी एकमेकांना लगटून बसलेली. शेजारी उभा असलेला नातू म्हणाला, "आजोबा, पाठशाळेत तर मुंगी त्रीन्द्रिय म्हणून शिकवली. तिला डोळे नसतात ना?"

मी क्षणभर निरुत्तर झालो. तत्त्वार्थसूत्रात कृमी, मुंगी, भुंगा, मनुष्य असा एकेक इंद्रिय वाढत जाणारा क्रम आहे. तो मीही लहानपणी पाठ केलेला. अनेकान्ताचे नाव घेऊन प्रश्न टाळता आला असता. परंतु माझे आयुष्य बँकेत गेले. दोन वह्या जुळल्या नाहीत, तर एकीत खाडाखोड करायची नसते. तफावत स्वच्छ नोंदवायची असते.

"डोळे आहेत," मी म्हणालो. "शास्त्रात तसे सांगितले आहे आणि भिंगाखाली असे दिसते. दोन्ही लिहून ठेव आणि महाराजसाहेबांना विचार."

त्याने पाठशाळेच्या वहीत खरोखरच तसे लिहिले. मग हळूच विचारले, "म्हणजे आपण चालतो, तेव्हा ती आपल्याला बघते?"

"बघत असेल."

मुंगळा आम्ही दोघांनी कुंडीतल्या मातीत ठेवला. तफावत अजून वहीत तशीच आहे. एका बाबतीत मात्र दोन्ही नोंदी जुळतात : इंद्रिये तीन असोत वा चार, तिच्यावर पाय पडू द्यायचा नाही.