मिसरची वाट

सोलापूरला कशी आलीस, असे विचारले की आमची आजी तेलुगूत एवढेच म्हणे, ‘चालत आलो.’ तेलंगणातून मागाच्या आशेने निघालेली पद्मशाली कुटुंबे या शहराच्या पूर्व भागात स्थिरावली, हे इतिहासात वाचायला मिळते. वाटेत रात्री कुठे काढल्या, हे मात्र आजीने सांगितले नाही आणि आम्हीही नेटाने विचारले नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानात अशाच एका प्रवासाला जेमतेम दोन-तीन ओळी मिळाल्या आहेत. हेरोद बालकाच्या जिवावर उठल्याचे योसेफाला स्वप्नात कळते. तो रात्रीच मरिया व बाळ यांना घेऊन मिसर देशाला जातो. वाटेचे वर्णन नाहीच. सर्वांच्या परिचयाचे ते गाढवसुद्धा मूळ कथेत नाही.

ही न सांगितलेली वाट व्हेनिसच्या दोमेनिको तिएपोलोने १७५३ साली एचिंगमध्ये चितारली. वय वर्षे सव्वीस. वडील जंबात्तिस्ता यांच्या हाताखाली तो वुर्झबुर्गच्या राजवाड्यात भित्तिचित्रे करत होता. मुलाजवळ स्वतःची कल्पना नाही, अशी कुजबुज ऐकून त्याने हा घाट घातला, अशी आख्यायिका आहे. खरे-खोटे असो, एकाच पलायनाची त्याने चोवीस दृश्ये केली. नगरवेशीतून बाहेर पडणे, नावेतून नदी ओलांडणे, कुटुंब जवळून जाताच मूर्तीचे मस्तक कोसळणे.

संगणकाच्या पडद्यावर ही चित्रे प्रथम पाहिली तेव्हा आम्हाला रागच आला. जीव मुठीत धरून निघालेली माणसे जत्रेला निघाल्यासारखी दिसतात. मदतीला देवदूत हजर. रोकोकोला दुःखाचे वावडेच, असे म्हणून आम्ही मोकळे झालो. पुन्हा पाहताना लक्षात आले, की या चित्रांतले ऊन कोऱ्या कागदाचे आहे. मेण लावलेल्या तांब्याच्या पत्र्यावर सुईने ओरखडावे, उघडे पडलेले तांबे आम्लाने खावे, त्या चरांत शाई भरावी. जिथे सुई फिरली नाही तिथे कागद पांढरा राहतो. त्या उन्हात म्हातारा योसेफ चालतो आहे. चोवीस चित्रे झाली तरी तो पोचलेला वाटत नाही. देवदूत मात्र आम्हाला अजूनही खटकतात.

आत्या तेव्हा सहा वर्षांची होती. परवा तिला एक चित्र मोठे करून दाखवले. तिने चष्मा पुसून बराच वेळ पाहिले.

“गाढव कुठलं रे? माग मोडून तिथंच टाकला. फणी तेवढी अम्माच्या डोक्यावर होती.”