कॅबिनेट

गेल्या उन्हाळ्यात माझा संगणक रोज दुपारी बंद पडू लागला. आधी काही सूचना नाही, कुरकुर नाही. वाक्य अर्ध्यावर असताना घरातले दिवे जावेत तसा पडदा काळा व्हायचा. अर्ध्या तासानं बटण दाबलं की सुरू व्हायचा आणि पुन्हा तासाभरात मान टाकायचा. कोलकात्याच्या उन्हाळ्यात दुपारी माणसंही असंच करतात, म्हणून पहिले काही दिवस मी तिकडे दुर्लक्ष केलं. मग रिक्षात घालून तो चांदनीच्या बाजारात नेला.

दुकानातल्या मुलानं बाजूचा पत्रा काढला, आत डोकावला आणि विचारलं, "दीदी, हे कॅबिनेट कुठल्या साली घेतलं?"

२००३ साली. जादवपूरला तौलनिक साहित्याचं एम.ए. करून मी नागपूरला परतले, तेव्हा बाबांनी ऑफिसच्या सोसायटीतून कर्ज काढून संगणक घेतला. पेंटियम फोर, २५६ एमबी रॅम, ४० जीबीची हार्ड डिस्क. बाबा जिल्हा परिषदेत टंकलेखक होते. मराठी टंकयंत्राचा कळफलक त्यांच्या बोटांत बसलेला, म्हणून मराठीचं जे सॉफ्टवेअर घेतलं त्यात तोच कळफलक होता. त्याच्यासोबत एक हार्डवेअर लॉक आलं होतं. काडेपेटीएवढं ते कुलूप मागच्या पॅरलल पोर्टला लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडायचंच नाही.

२००८ साली मी कोलकात्याला आले, तेव्हा हे कॅबिनेट वाकळीत गुंडाळून गीतांजली एक्सप्रेसनं आणलं. २०१३ साली आतलं सगळं बदललं: बोर्ड, प्रोसेसर, रॅम, वीजपुरवठ्याचा डबासुद्धा. फक्त कुलूप लावता यावं म्हणून बोर्ड पॅरलल पोर्टवाला शोधला आणि जुनी विंडोज एक्सपी एका पार्टिशनवर ठेवली. आत्मा जुनी वस्त्रं टाकून नवी घेतो, हे लहानपणापासून ऐकलेलं. आमच्याकडे उलटं झालं. आत्मा बदलत गेला, वस्त्र तेच राहिलं.

मुलानं मला तीन वाटा सांगितल्या. पहिली, आतलं आहे तेच ठेवून नुसतं कॅबिनेट बदलायचं. माझ्या कॅबिनेटला पुढून हवा यायला वाटच नाही, सपाट प्लास्टिक आहे, आणि मागे ८० मिलिमीटरचा एकच पंखा. नव्या कॅबिनेटला पुढे जाळी असते आणि १२० मिलिमीटरचे पंखे. दुसरी, कॅबिनेट तेच ठेवून आतलं बदलायचं. बोर्डाच्या स्क्रूंची भोकं एटीएक्स मानकाप्रमाणे असतात आणि ते मानक १९९५ सालचं आहे, त्यामुळे आजचा बोर्डही माझ्या पत्र्यावर बरोबर बसेल. पण हवेचा प्रश्न तसाच राहील. तिसरी, सगळंच नवं. थोडं थोडं बदलू म्हटलं तर जमणार नाही. नव्या बोर्डात जुना प्रोसेसर बसत नाही आणि डीडीआर-थ्री रॅमही चालत नाही. म्हणजे तिन्ही एकदम घ्यायचं. त्यानं कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवला, साधारण चाळीस हजार. आणि १४ ऑक्टोबरला विंडोज १० चे सुरक्षा-अपडेट थांबणार आहेत, विंडोज ११ या प्रोसेसरला घेत नाही, हेही सांगितलं.

चाळीस हजार म्हणजे माझ्यासाठी एका कादंबरीचा अनुवाद, तोही प्रकाशकानं पैसे वेळेवर दिले तर.

त्याच सुमाराला पुण्याहून प्रकाशकांचा फोन आला. माझा पहिला अनुवाद, एक बांगला कादंबरी, २००६ साली निघाली होती. तिची दुसरी आवृत्ती काढायची होती. "फाइल द्या, आहे तशी छापू," ते म्हणाले. मी पुस्तक उघडलं आणि दहा पानांत कान गरम झाले. पंचविशीतलं माझं मराठी तत्सम शब्दांनी इतकं लादलेलं होतं की वाक्याला चालता येत नव्हतं. मी म्हटलं, आहे तशी नको, मी नव्यानं अनुवाद करते. संगणकाचाही कौल मनात तोच पडला होता. जुना वाडा पाडायचा ठरला की दिंडी दरवाजा तरी कशाला ठेवायचा?

नव्यानं करायचं म्हणून जुन्या वह्या काढल्या. तो अनुवाद मी हातानं लिहिला होता आणि बाबांनी टाइप केला होता. रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर दोन तास, वही डाव्या हाताला उभी करून. एका बाजूला वही आणि दुसऱ्या बाजूला पुस्तक ठेवून मी वाचू लागले, तेव्हा तिसऱ्या प्रकरणात अडखळले.

धाकटी बहीण जेवायला बसत नाही, कारण थोरली येते म्हणून आली नाही. वहीत माझ्या अक्षरात आहे, 'तिच्या मनात अभिमान दाटून आला'. पुस्तकात छापलंय, 'तिच्या मनात रुसवा दाटून आला'.

बांगलात अभिमान म्हणजे आपल्या माणसानं दुखावल्यावर येणारा रुसवा. मराठीत अभिमान म्हणजे अभिमान. आमच्या वर्गात अशा फसव्या शब्दांची यादीच असायची. बांगला शिक्षा म्हणजे शिक्षण, आपली शिक्षा वेगळी. त्यांची चेष्टा म्हणजे प्रयत्न, आपली म्हणजे थट्टा. ही यादी मला पाठ होती, तरी वहीत चूक झाली. महिनोन्‌महिने एका भाषेत राहिलं की आपल्याच भाषेतला शब्द परका अर्थ घेऊन हातातून उतरतो आणि कळत नाही. पुढे आणखी सापडलं. आजी नातवाचा 'आदर करते' असं मी लिहिलं होतं, पुस्तकात ती त्याला कुरवाळते. बांगलात आदर म्हणजे लाड.

बाबांना बांगला येत नव्हतं. नात्यातलं कुणी आलं नाही म्हणून ताटावरून उठणाऱ्या पोरीला अभिमान वाटत नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं. एकूण सतरा जागा निघाल्या. त्यांनी मला एकही दाखवली नाही. प्रुफं मीच वाचली होती. 'रुसवा' वाचताना तो माझाच शब्द आहे असं मला वाटलं असणार. ते २०१६ साली गेले. आता विचारायला कुणी नाही.

त्यानंतर नवा अनुवाद करणं मला जमेना. आणि हे कारण नुसतं हळवेपणाचं नाही. माझं जडबंबाळ मराठी दुरुस्त करता येण्यासारखं होतं. ज्या जागा मी आजही कदाचित चुकले असते, त्या आधीच दुरुस्त होत्या. पाडून बांधायचं तर त्या भिंतीही पडणार होत्या.

मग काही दिवस मी उलट टोकाला गेले. पुस्तक ठेवायचं तर कॅबिनेटही ठेवायचं, आत नवं भरायचं. दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर असलं पाहिजे, असा माझा हट्ट होता. चांदनीतल्या मुलानं तो सहज मोडला. "दीदी, फाइल डब्यात नाही, डिस्कमध्ये आहे. आणि नव्या बोर्डाला तुमच्या कुलुपाचं पोर्टच नाही. यूएसबीचं अडॅप्टर मिळतं, पण ते प्रिंटरला चालतं, कुलुपाला बहुतेक नाही. आधी काम उरका, मग ठरवा."

त्यानं धूळ काढली, प्रोसेसरवरची वाळून खडू झालेली पेस्ट पुसून नवी लावली, आणि बाजूचा पत्रा लावूच नका म्हणून सांगितलं. पावसाळाभर संगणक उघड्या कुशीनं चालला, दुपारीसुद्धा. मी एकेक प्रकरण बाहेर काढून युनिकोडमध्ये आणलं. त्या फॉन्टमध्ये टंकयंत्रासारखी ऱ्हस्व वेलांटी आधी आणि अक्षर नंतर साठवलेलं असतं, युनिकोडमध्ये अक्षर आधी. रूपांतर करणारा प्रोग्राम हे बहुतेक ठिकाणी ओळखतो, पण जोडाक्षरांत आणि रफारात चुकतो. म्हणून प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालावी लागली. बाबांनी टाइप केलेलं इतकं सावकाश मी आधी कधी वाचलं नव्हतं.

ऑक्टोबरात नवा संगणक घेतला, नव्या जाळीदार कॅबिनेटात. कर्ज काढलं नाही, हप्ते पाडले. जुनं कॅबिनेट त्या मुलानं मागून घेतलं. दुकानात एक नवा पोऱ्या जोडणी शिकतोय, त्याला सरावाला हवं होतं. भोकं जुळतात म्हणाला. मी दिलं. कुलूप मात्र टेबलाच्या खणात आहे, त्याचा काही उपयोग नाही.

प्रकाशकांनी विचारलं, श्रेयनामावलीत वडिलांचं नाव 'टंकलेखन' म्हणून घालू का? मी सांगितलं, 'संपादन' म्हणून घाला.

परवा प्रुफं आली. सतरांपैकी सोळा जागा तशाच ठेवल्या. एका ठिकाणी म्हातारा जमीनदार आपल्या कुळाबद्दल बोलतो, तिथं मूळ बांगलातही अर्थ गर्वाचाच आहे. सवयीनं बाबांनी तिथंही रुसवा घातला होता. तिथं मी अभिमान परत लिहिला.