तार आणि नाडी

पायजम्याच्या नाडीचे टोक नेफ्यात गडप झाले की भल्याभल्यांची काय गत होते, ते वाचकांना सांगायला नको. पण हीच फजिती सायकलीच्या बाबतीतही होऊ शकते, हे मला वयाच्या बहात्तराव्या वर्षी कळले.

आमच्या वेळची सायकल म्हणजे सगळा उघडा कारभार! हँडलखालून ब्रेकच्या सळ्या निघत आणि सांध्यासांध्यांतून चाकापर्यंत पोचत. ब्रेक लागला नाही, तर कुठली सळी वाकली ते रस्त्यात उभ्या उभ्या दिसे. 1970 च्या सुमारास पुण्यात पाना आणि पक्कड एवढ्या भांडवलावर मी निम्म्या वाड्याच्या सायकली दुरुस्त करीत असे. पुढे सळ्या जाऊन तारा आल्या. लवचीक आवरणात सरकणारी ही तार बाउडनच्या नावाने ओळखली जाते. त्याचे इंग्लंडमधले पेटंट 1896 चे. पण त्या ताराही बाहेरच असत. हाताला लागत, डोळ्यांना दिसत.

नातवाने गेल्या वर्षी सायकल आणली, तेव्हा मी ती दोनदा फिरून पाहिली.

"अरे, हिच्या तारा कुठं आहेत?"

"आत आहेत, आजोबा. आधी हँडलच्या पोटातून, मग फ्रेमच्या पोटातून. वाऱ्याला अडथळा कमी होतो, चिखलपाणी लागत नाही, आणि दिसायलाही छान."

तिसरे कारण खरे असावे, असे मला वाटले. पण मी बोललो नाही. निवृत्तीनंतर माणसाने किती बोलावे याचाही एक हिशेब असतो. घरातली माझी कामे एकेक करून गेली होती. विजेचे बिल नातू फोनवरून भरतो, भाजी दारात येते, बँकेत जायचे कारण उरले नाही. मला कोणी 'करू नका' म्हणत नाही. फक्त 'करा' असेही कोणी म्हणत नाही.

एका शुक्रवारी रात्री नातू घरी आला तो तोंड पाडून. मागचा गिअर अडकत होता. हँडलापाशी तारेचा पीळ उसवला होता. रविवारी पहाटे त्याला 200 किलोमीटरच्या फेरीला जायचे होते. ही फेरी साडेतेरा तासांत पुरी करायची असते. त्याने नवी तार आणली होती, पण दुकानदार म्हणाला, "तारा आतून आहेत, दोन दिवस ठेवावी लागेल."

शनिवारी तो कामावर गेला आणि मी पक्कड काढली.

मागचा स्क्रू सैल केला, तारेच्या टोकाची टोपी कापली आणि हँडलाकडून ओढली. तार सरसर बाहेर आली. मी विजयी मुद्रेने ती गुंडाळून ठेवली. नवी तार आत घातली. हँडलाच्या आत तारेभोवतीचे आवरण जागच्या जागी होते, त्यामुळे बोगद्यातून गाडी निघावी तशी ती दुसऱ्या टोकाला निघाली. मला वाटले, झालेच की काम! मग ती फ्रेमच्या खालच्या नळीत सारली, आणि इथे माझे दैव फिरले. त्या नळीत आवरण नव्हते. नुसती अंधारी पोकळी होती. तार आत जाई, कुठेतरी अडखळे, वळे आणि माझ्याकडेच परत येई. पॅडलच्या आसाखालचे झाकण उघडून मी विजेरीने डोकावलो. काही दिसेना. दीड वाजला, अडीच वाजले. सायकल निदान रखडत तरी चालत होती. आता तीही सोय मी ठेवली नव्हती. नातू काय म्हणेल, यापेक्षा तो काहीच म्हणणार नाही, याची मला जास्त धास्ती वाटू लागली.

सौ. चहा घेऊन गॅलरीत आली. तिने एकदा माझ्याकडे आणि एकदा त्या गुंडाळलेल्या जुन्या तारेकडे पाहिले.

"अहो, जुनी ओढायच्या आधी नवी तिला बांधायची असते. पायजम्याला काय नि सायकलीला काय!"

"ते आता सांगून काय उपयोग?" मी करवादलो.

ती आत गेली आणि गोधडीची सुई, लांब दोरा आणि जुन्या स्पीकरमधले लोहचुंबक घेऊन आली. सुई दोऱ्यात ओवून तिने नळीच्या भोकात सोडली. फ्रेम ॲल्युमिनियमची. तिला चुंबक चिकटत नाही, पण आतली सुई मात्र त्याच्यामागून मुकाट्याने चालते. बाहेरून चुंबक हळूहळू खाली, आतून सुई खाली. झाकणापाशी सुईचे नाक दिसले, तेव्हा मी लहान मुलासारखा ओरडलो. तिथून मागच्या चाकापर्यंतचा रस्ताही तसाच पार पडला. मग दोऱ्याचे टोक चिकटपट्टीने तारेला गुंडाळले. तिने दोरा ओढला, मी तार सारली. पन्नास वर्षांच्या संसारात आम्ही दोघांनी एका लयीत केलेली कामे मोजकीच; त्यांत हे एक.

संध्याकाळी मी नातवाला सगळे कबूल केले. त्याने गिअर एकेक करून बदलून पाहिले, मागचा स्क्रू जरासा फिरवला आणि म्हणाला, "आजोबा, मिस्त्री जुन्या तारेवरून प्लॅस्टिकची बारीक नळी आत सारतात आणि मग तार काढतात. नळी रस्ता धरून बसते."

"म्हणजे आजी म्हणाली तेच!"

"तेच. पण ब्रेकला मात्र एकट्यानं हात लावू नका. त्याच्या नळीत तेल असतं. सोडली की आत हवा शिरते."

'एकट्यानं' हा शब्द मी ऐकून ठेवला.

आता काही सायकलींना गिअरची तारच नसते. बिनतारी गिअरही निघाले आहेत. पायजम्यात इलॅस्टिक आले, त्यातलाच हा प्रकार. सोय झाली खरी. पण जुन्याचा हात धरून नव्याला आत न्यायचे, ही युक्ती पुढच्या पिढीला कोण शिकवणार?

रविवारी नातू वेळेच्या वीस मिनिटे आधी फेरी संपवून आला. अंगभर धूळ, तोंडभर हसू. जेवता जेवता म्हणाला, "आजोबा, पुढच्या गिअरची तारही बदलायला झाली आहे. येत्या रविवारी मोकळे आहात ना?"

मी जरा वेळ कॅलेंडरकडे पाहिल्यासारखे केले. "बघतो. जमेलसं वाटतं," असे म्हणून हात धुवायला उठलो आणि स्वयंपाकघरात जाऊन हळूच विचारले, "अगं, ती सुई कुठं ठेवलीस?"